खाद्यपदार्थांवरील कर उतरला. दर उतरले काय?

सन 2025 च्या सप्टेंबर महिन्याच्या 22 तारखेपासून वस्तु व सेवा कराचे दर उतरले. तूप व लोणी यांवरील कर शेंकडा 12 वरून 5 वर आला, बिस्किटांवरील 18 वरून 5 वर, आणि पिशवीबंद पनिरावरील कर तर अजीबात निघाला. आतां वाणसामान स्वस्त झालें, असें जो तो म्हणूं लागला. तें कितपत खरें, याचा हिशेब माकणीच्या शेतकऱ्यानें स्वतःच मांडून पाहणें इष्ट आहे.

जेथें किंमत छापील व विकणारा नांवाला जपणारा, तेथें दर खरोखरच उतरला. अमूल या सहकारी संघानें लिटरभर तूप 650 रुपयांवरून 610 वर आणलें. 650 मधील जुना कर काढून नवा चढविला तर रक्कम 609 रुपयांवर थोडीशीच जाते. म्हणजे सारी सूट ग्राहकाच्या पदरीं पडली. पांच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याची गोष्ट निराळी. हिशेबानें तो 4 रुपये 45 पैशांस मिळावयास हवा. परंतु सुटे पैसे देणार कोण आणि घेणार कोण? तेव्हां किंमत तीच ठेवून वजन वाढविण्याची तोड निघाली. दुकानांत पुड्याचें वजन वाचून पाहणारा गिऱ्हाईक आम्हीं तरी विरळाच पाहिला आहे. शिवाय, कराची सूट गिळणाऱ्याविरुद्ध तक्रार करण्याची जी सोय कायद्यांत 2017 पासून होती, तिच्याखालीं नव्या तक्रारी घेणें 1 एप्रिल 2025 पासून, म्हणजे या कपातीच्या आधींच, बंद झालें होतें.

परंतु आपल्या घरांत तूप-बिस्किटांचा खर्च तो किती ? ज्वारी, गहूं, तूरडाळ हीं सुटीं घेतलीं तर त्यांवर कर नव्हताच. मग उतरणार काय? त्यांचा दर पाऊस ठरवितो. ज्या आठवड्यांत ही कपात अंमलांत आली, त्याच आठवड्यांत अतिवृष्टीनें भूम-परांड्याकडे हाहाकार माजविला आणि जिल्ह्यांत उभें सोयाबीन पाण्याखालीं गेलें. त्यापुढें शेंकडा पांचाची मातबरी ती काय !

दुसरी एक कपात मात्र आपणांस चांगलीच भोंवली. 30 मे 2025 रोजीं कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलांवरील मूळ आयात जकात 20 वरून 10 टक्के करण्यांत आली. विक्रीकर घटला तर भार सरकारी तिजोरीवर पडतो. आयात जकात घटली तर तो शेतकऱ्याच्या खळ्यावरही येतो. त्या हंगामांत सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये होता, आणि पुष्कळांस माल त्याच्या खालीं विकावा लागला, हें वाचकांस सांगावयास नको. दोन्ही कपाती "स्वस्ताई" या एकाच नांवाखालीं मिरवितात, म्हणून हा भेद स्पष्ट केला.

आपल्या हिताचा कर अद्याप तसाच आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, नांवाची चिठ्ठी लावलेल्या डाळीच्या पिशवीवर 5 टक्के कर आहे. त्याहून मोठ्या पोत्यावर नाहीं. म्हणजे घाऊक व्यापाऱ्याचें पोतें मोकळें, आणि निम्न तेरणेच्या कांठच्या शेतकऱ्यांनीं मिळून आपली तूर भरडून, किलोच्या पिशव्यांत भरून विकली व उलाढाल 40 लाखांपलीकडे गेली, तर त्यांची पिशवी करास पात्र ! कर कमी करावयाचाच तर शेतकऱ्यांच्या संस्थांनीं भरलेल्या डाळीवरचा आधीं काढावा. दर उतरला नाहीं तरी ती सूट निदान पिकविणाऱ्याच्या घरीं राहील.