दान नको, दाम हवा!

तंजावर म्हणजे तामिळनाडूचे भाताचे कोठार. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील किळवेणमणीत २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीवाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांची ४४ माणसे झोपडीत जाळली गेली. हायकोर्टातून जमीनदार सुटले.

अन्नदात्यावर दया दाखवणे सोपे! अमेरिकेत १९८५ पासून शेतकऱ्यांसाठी ‘फार्म एड’चे जलसे होतात, उदारमतवादी पत्रकार त्या औदार्याचे गोडवे गातात. खरी बातमी वेगळीच आहे. २०२५ मध्ये मिनियापोलिसला ज्या विद्यापीठात जलसा होता, तिथल्या कामगारांनी संप केला. संपकऱ्यांची फळी ओलांडणार नाही, असे कलावंतांनी बजावले. समझोता झाला, मगच गाणे झाले!

देणगी देतो तो दाता. संपामागे उभा राहतो तो सोबती. किळवेणमणीने भीक नव्हे, घामाचा दाम मागितला होता. आपलीही मागणी तीच!