किती मारू, भाऊ?

दिवाळीत आमच्या मोर्शीत दोन ठिकाणी हमखास गर्दी दिसते. एक कापडाच्या दुकानात, दुसरी पंक्चरवाल्याच्या टपरीपुढे. पुण्या-मुंबईला नोकरीस असलेली मुले मोटारी घेऊन येतात आणि भाऊबीज आटोपली की परततात. परतीच्या गाडीत पाच माणसे, फराळाचे डबे आणि मागे अंबिया बहाराच्या संत्र्यांचे दोन क्रेट. टपरीवरचा पोरगा नळी घेऊन विचारतो, "किती मारू, भाऊ?" भाऊ खिडकीतूनच फर्मावतात, "मार पस्तीस!"

हे पस्तीस कोणी ठरवले देव जाणे! शाळेत पस्तिसाला पास होण्याची सवय जडली, तीच टायरलाही लावली असावी. खरा आकडा गाडीवरच लिहिलेला असतो. चालकाचे दार उघडले की बहुधा खांबावर एक पट्टी दिसते. तिच्यावर पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे असतात, आणि पुष्कळदा भरल्या गाडीसाठी निराळे असतात. संत्र्यांचे क्रेट मागे ठेवलेत की हे दुसरे आकडे पाहायचे. टायरच्या कुशीवर ४४ किंवा ५१ असे कोरलेले असते, ती मात्र टायरच्या सहनशक्तीची कमाल मर्यादा. ती पाहून हवा भरणे म्हणजे औषधाची सारी बाटली एकदम पिणे.

पट्टीवरचा आकडा थंड टायरचा असतो. म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी. अमरावतीहून धावत आलेल्या गाडीला काटा लावला, तर तो चार-पाच पौंड जास्त दाखवील. ती वाढ हिशेबात धरलेली असते; ती काढून टाकू नये. वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला की आमचे एक शेजारी भर दुपारी चाकांची हवा सोडतात. "टायर फुटल ना, भाऊ!" म्हणतात. त्यांना कितीदा सांगितले, की हवा कमी पडली म्हणजे टायरची कूस प्रत्येक फेऱ्याला दबते, त्या दबण्याने रबर तापते, आणि तापलेला टायरच दगा देतो. ऐकतील तर शपथ!

थंडीत उलटे घडते. दहा अंश तापमान उतरले की दीड-दोन पौंड कमी होतात, शिवाय हवा महिन्याला थोडी झिरपतेच. तेव्हा मे महिन्यात भरलेली हवा दिवाळीला पुरेल, हा भरवसा धरू नये.

एरवी गल्लीत हे खपून जाते. पण आता नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पुरा खुला झाला. मोटारींना तिथे तासाला १२० किलोमीटरची मुभा. सरळ, गुळगुळीत रस्ता, आणि टायरला विसावा नाही. २०२३ साली परिवहन खात्याने तिथे टायर तपासायला सुरुवात केली. त्याच वर्षी १ जुलैला सिंदखेड राजाजवळ बस पेटून २५ माणसे गेली. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले. अमरावतीच्या परिवहन कार्यालयाच्या अहवालात मात्र तशी खूण आढळली नव्हती. टायरवर नको ते खापर फुटते, हेही खरे. म्हणूनच त्याची हवा निघण्यापूर्वी पाहिलेली असावी, म्हणजे निदान ती शंका उरत नाही.

नायट्रोजनचा आग्रह मला कळत नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. पैसे द्यायचेच तर एक चांगला काटा विकत घ्या. टपरीवरचा काटा रोज दहादा जमिनीवर आपटत असतो. पहाटे अंगणात, गाडी हलवण्यापूर्वी, चारही चाके तपासून घ्या. आणि हो, ती स्टेपनी! तिला क्रेटखालून काढायला सगळ्यांना कंटाळा येतो.