जखमी मेंढी आणि मुक्कामाचा प्रश्न

दिवाळी सरली आणि भाताची कापणी आटोपली, की अहिल्यानगर-पुण्याकडच्या धनगरांची बिऱ्हाडे माळशेज घाटाने खाली उतरू लागतात. त्यांतील काही कळप मुरबाडवरून बदलापूर-अंबरनाथच्या परिसरात येतात. मोकळ्या खाचरात रात्रभर मेंढ्या बसवायच्या आणि लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य वा पैसे घ्यायचे, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बदलली आहे ती वाट. खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पायवाटांचे हमरस्ते झाले आणि भरधाव टेम्पोच्या धडकेने मेंढीचा पाय मोडणे ही नित्याची गोष्ट झाली.

अशी मेंढी बहुधा खाटकाकडे जाते. त्यावरून धनगराला निर्दय ठरविणे सोपे आहे. परंतु ते खरे नव्हे. दरवर्षी कोकरू देणारी मेंढी हे त्याचे चालते भांडवल होय, आणि भांडवल कोणी हौसेने मोडीत काढीत नाही. शिवाय तिला बरे करण्याची विद्या त्याच्यापाशी आहेच. मेंढीचे वजन बेताचे असल्याने गुडघ्याखालचे हाड, कातडी न फाटता मोडले असेल, तर पुष्कळदा चांगले सांधते. हाड सरळ करून भोवती मऊ कापड गुंडाळायचे, वर बांबूच्या कामट्या बांधायच्या, आणि खूर सुजत वा गार पडत नाही ना, हे रोज पाहायचे. उघड्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. तेथे धुणे, औषध आणि धनुर्वाताची लस यांसाठी डॉक्टर हवाच. उठू न शकणाऱ्या मेंढीला कुशीवर पडू देता येत नाही, पोट फुगून ती दगावते. म्हणून दोन्ही बाजूंना भरलेली पोती लावून तिला छातीवर बसवावे लागते, दिवसातून अनेकदा कूस बदलावी लागते आणि पाला-पाणी तोंडाशी न्यावे लागते. एकटी पडलेली मेंढी चारा टाकते, यासाठी सोबतीला दुसरी बांधतात.

या साऱ्यात औषधाचा खर्च थोडा. खरा खर्च काळाचा आहे. हाड सांधायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि बिऱ्हाड दर दोन-चार दिवसांनी पुढे सरकते. एका मेंढीसाठी थांबावे तर शेकडो मेंढ्यांच्या चाऱ्याचे काय? हिशेब करणारा कोणीही शहाणा माणूस जे करील तेच धनगर करतो. उणीव दयेची नाही, मुक्कामाची आहे.

कायद्याला मेंढी ठाऊक नाही असे नव्हे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 132 वे कलम अपघातानंतर चालकाने थांबण्याविषयी व नाव-पत्ता देण्याविषयी आहे. त्यातील ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येत मेंढीचा स्पष्ट उल्लेख आहे. किती चालक थांबतात, हे रस्त्यालाच विचारावे! फिरत्या पशुचिकित्सा पथकांसाठी 1962 हा दूरध्वनी क्रमांक आहे. परंतु पथक मलमपट्टी करून परत जाते. पुढचे सहा आठवडे मेंढीने राहायचे कोठे? भटक्या पशुपालकांच्या जनावरांची स्वतंत्र नोंद पशुगणनेत प्रथमच झाली ती 2024 मध्ये सुरू झालेल्या 21 व्या गणनेत. मोजलेच उशिरा, तर निवारा कोणी बांधावा?

आणि हे घडते कोठे? शेजारचे उल्हासनगर फाळणीनंतर बेघर झालेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून 1949 मध्ये उभे राहिले. काही दिवस पाय टेकायला जागा मिळणे म्हणजे काय, हे या पट्ट्याला कोणी शिकवायला नको.

मागणी फार मोठी नाही. बदलापूर-अंबरनाथच्या वेशीवर कार्तिक ते ज्येष्ठ एवढ्याच काळापुरते एक कुंपणाचे आवार, पत्र्याचे छप्पर, पाणी, एक राखणदार आणि आठवड्यातून दोनदा येणारा पशुवैद्य. धनगराने जखमी मेंढी सोबतिणीसह तेथे सोडावी, पावती घ्यावी, चाऱ्याचा वाजवी खर्च द्यावा. तो फुकट मागत नाही. माघात पाय मोडलेली मेंढी मग पावसाआधी परतणाऱ्या कळपाबरोबर स्वतःच्या पायांनी माळशेज चढू शकेल.