सामुराईच्या तलवारीखाली कोण?

आजकाल शिकली-सवरलेली काही तरुण मुले सुट्टीच्या दिवशी एक वेगळाच खेळ खेळतात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात आणि पात्राचा घाव लागला की हुकला हे फासे ठरवतात. अशा खेळांपैकी एक आहे ‘लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज’. 1995 साली अमेरिकेत तो पत्त्यांचा खेळ म्हणून निघाला आणि 1997 साली भूमिका घेऊन खेळायचा झाला. त्यातला देश रोकुगान हा काल्पनिक असला, तरी त्याचा साचा सरळसरळ जुन्या जपानचा आहे. खेकडा, क्रौंच, सिंह, विंचू अशा नावांची सात मोठी घराणी, त्यांचे सामुराई, जादू, राक्षस असा सगळा थाट आहे.

चळवळीतल्या एका मित्राच्या मुलाने आम्हाला विचारले, “काका, तुम्ही वकील आहात. आमच्या सामुराईंसाठी एखादी चांगली केस सुचवा ना!” त्याने दिलेले नियमांचे पुस्तक आम्ही वाचले आणि मग त्याला केस सुचवण्याआधी हा लेख लिहिणे आम्हाला आवश्यक वाटले.

या खेळात खेळणारा बहुधा सामुराईच असतो. त्याच्या पात्राच्या कागदावर अब्रू, कीर्ती आणि दर्जा यांचे आकडे लिहिलेले असतात. त्याला मिळणारी साहसेही ठरलेली: सरदाराच्या मुलीला सुखरूप पोहोचवा, दरबारातल्या खुनाचा छडा लावा, गावाला छळणाऱ्या दरोडेखोरांचा बंदोबस्त करा, अपमानाचा बदला द्वंद्वाने घ्या. आणि या सगळ्याच्या खाली एक ‘स्वर्गीय व्यवस्था’ आहे. वर सम्राट आणि सरदार, मग सामुराई, त्याखाली शेतकरी-कारागीर आणि सर्वांत खाली मेलेल्या देहाला हात लावणारे, कातडे कमावणारे, अस्पृश्य. प्रत्येक जण ज्याच्या त्याच्या पूर्वकर्माने तिथे जन्मला, असे पुस्तक सांगते. आमच्या वाचकांना ही व्यवस्था नव्याने समजावून सांगण्याची गरज आहे काय?

यावर आपल्याकडे दोन प्रकारचे मत पडेल, हे आम्ही जाणून आहोत. काही म्हणतील, असले मनुवादी खेळ आपल्या मुलांनी खेळूच नयेत. दुसरे म्हणतील, अहो, खेळच तो, त्यात जात कसली शोधता? आम्हाला दोन्ही मते मान्य नाहीत. जात हा ज्या गोष्टीचा पाया आहे त्या गोष्टीत जात शोधावी लागत नाही, ती पहिल्या पानावरच असते. खेळावर बहिष्कार टाकूनही काही साधत नाही. उलट आमचे म्हणणे असे की आपल्या मुलांनी हा खेळ जरूर खेळावा, पण साहसे मात्र खऱ्या जपानच्या इतिहासातून घ्यावीत. तो इतिहास इतका भरलेला आहे की राक्षसांची गरजच पडू नये.

खुनाचा तपास हे साहस घ्या. वकील म्हणून आम्हाला तेच पहिले दिसते. रोकुगानच्या न्यायात वस्तुरूप पुराव्याला फारशी किंमत नाही. साक्ष महत्त्वाची, आणि साक्षीचे वजन साक्षीदाराच्या दर्जावर. शेतकऱ्याची साक्ष सामुराईच्या साक्षीपुढे टिकत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदार वर्ण पाहून ठरतो, त्याचीच ही जपानी आवृत्ती. आता गंमत पाहा. मृतदेहाला हात लावला तर सामुराई विटाळतो. म्हणजे जखम कुठे आहे, किती खोल आहे, घाव डाव्या हाताचा की उजव्या, हे फक्त प्रेत उचलणाऱ्या अस्पृश्यालाच ठाऊक. सत्य ज्याच्याजवळ आहे त्याला न्यायालयात तोंड नाही आणि ज्याला तोंड आहे त्याने काही पाहिलेलेच नाही. खेळ चालवणाऱ्याने एवढेच करावे: खुनी कोण हे त्या एका माणसालाच माहीत आहे असे ठरवावे आणि सामुराई पात्रांना त्याच्या झोपडीच्या दाराशी आणून उभे करावे. त्याच्याशी बोलले की अब्रूचा आकडा घटतो, नाही बोलले तर निरपराध माणूस फासावर जातो. त्यात खऱ्या तोकुगावा राजवटीची आणखी एक गोष्ट घालावी. तिथे देहदंड द्यायचा तर आरोपीचा कबुलीजबाब लागे आणि तो मिळवण्यासाठी छळाला कायद्याची मुभा होती.

दुसरे साहस 1588 सालातले. टोयोटोमी हिदेयोशी, जो स्वतः सामान्य घरात जन्मून सत्तेच्या टोकाला पोहोचला होता, त्याने हुकूम काढला की शेतकऱ्यांनी तलवारी, भाले, बंदुका सरकारजमा कराव्यात. कारण काय दिले? जमा झालेल्या लोखंडातून क्योटोत उभ्या राहणाऱ्या महाबुद्धाच्या कामासाठी खिळे आणि पट्ट्या केल्या जातील, त्यामुळे शेतकऱ्यांचे इहपरलोकी कल्याण होईल! खरे कारणही त्याच हुकमात होते: हत्यारे असली की शेतकरी सारा देत नाहीत आणि बंड करतात. पुढे 1591 साली सामुराईने शेतकरी किंवा व्यापारी होण्यालाही बंदी आली. स्वतः शिडी चढलेल्या माणसाने ती मागून ओढून घेतली. आता आपल्या खेळातल्या सामुराईंना गावोगाव तलवारी गोळा करायला पाठवा. एखाद्या म्हातारीने त्यांना विचारावे, “बुद्धाला खिळे माझ्याच घरचे का लागतात?” या प्रश्नाचे उत्तर फासे टाकून मिळणार नाही.

पण आमच्या मते सगळ्यांत मोठे साहस 1856 सालचे आहे, आणि ते आपल्याकडे फारसे कोणी सांगितलेले नाही. ओकायामा संस्थानाने काटकसरीच्या नावाखाली हुकूम काढला. त्यात ‘एता’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्यांसाठी वेगळी कलमे होती. या शब्दाच्या चिन्हांचा अर्थच मुळी ‘घाणीने भरलेला’ असा होतो. त्यांनी नक्षी नसलेले, कच्च्या तेंडूफळाच्या रसात किंवा निळीत रंगवलेले कपडेच घालावेत, ओळखीचा शेतकरी समोर आला तर पायातली लाकडी पादत्राणे काढून नमस्कार करावा, असे ते फर्मान होते. वाचकहो, गावकुसाबाहेरच्या आपल्या आज्या-पणज्यांना हे फर्मान कोणी वाचून दाखवावे लागले नसते.

या लोकांनी आधी अर्ज लिहिला. त्या अर्जातला युक्तिवाद कोणत्याही वकिलाने वाचण्यासारखा आहे. आम्हीही शेतकऱ्यांसारखाच सारा भरतो, मग आम्हाला वेगळे का? आणि असे रंगवलेले कपडे कोणी गहाण ठेवून घेणार नाही, मग अडीअडचणीला साऱ्याचे पैसे आणायचे कुठून? अर्ज फेटाळला गेला. तेव्हा दीड हजारांच्या आसपास माणसे नदीकाठी जमली आणि संस्थानच्या बड्या सरदाराच्या ठाण्याकडे चालू लागली. संस्थानाला त्यांची कैफियत घेणे भाग पडले. हुकूम कागदावर राहिला, पण अंमलात आला नाही. पुढाऱ्यांना मात्र तुरुंगात टाकले आणि त्यांतले काही तिथेच मेले.

हा प्रसंग खेळात आणताना सामुराई पात्रांना सरदाराच्या बाजूने वाटेवर उभे करावे. समोरून माणसे येत आहेत. ती लुटालूट करायला आलेली नाहीत, त्यांना फक्त एक कागद द्यायचा आहे. तलवार उपसली तर शंभर मेले तरी उरलेले पुढे येणार. कागद घेतला तर मालकाचा हुकूम मोडला. सामुराईची सगळी अब्रू मालकाच्या हुकमाशी बांधलेली, तेव्हा या पेचातून पुस्तकातला कोणता नियम सोडवतो ते मुलांनी शोधावे. आणि दर वेळी सामुराईच का व्हायचे? एकाने तो अर्ज लिहिणारा व्हावे. लिहिता येणारा, कायदा कळणारा आणि आपण तुरुंगात मरणार हे समजून सही करणारा.

आता दरबारी कामकाजाचे एक साहस. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, तिथे आसाकुसा भागात दानझाएमोन नावाचे वंशपरंपरागत पद होते. पूर्व जपानातल्या बहिष्कृतांचा हा मुख्य. शोगुनच्या राज्याने यांचा न्यायनिवाडा, यांचे तुरुंग, यांची कातड्याची कामे त्याच्याकडे सोपवली होती. 1859 सालची एक गोष्ट बुराकू चळवळीच्या लिखाणात वारंवार सांगितली जाते. मारामारीत एका बहिष्कृत तरुणाचा जीव गेला. दानझाएमोनने मारणाऱ्यांना शिक्षा मागितली. न्यायाधिकाऱ्याने उत्तर दिले की तुमच्या माणसाच्या जिवाची किंमत सामान्य माणसाच्या एक सप्तमांश आहे, तेव्हा आणखी सहा मारले जाईपर्यंत शिक्षा देता येत नाही. ही गोष्ट अक्षरशः घडली की नाही यावर इतिहासकार वाद घालोत. ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, हाच आमच्या दृष्टीने पुरावा आहे. खेळणाऱ्याने त्या न्यायाधिकाऱ्याचा कारकून व्हावे. निकाल त्याला आपल्या हाताने लिहायचा आहे आणि दानझाएमोन समोर बसलेला आहे.

इथे एक गोष्ट आम्हाला आपल्याच लोकांना सांगायची आहे. जपान म्हटले की आपण हात जोडतो. जपान बौद्ध देश, तिथून आलेल्या भन्ते सुरेई ससाईंनी नागपुरात आयुष्य वेचले, कामठीचे ड्रॅगन पॅलेस जपानी दानातून 1999 साली उभे राहिले. या सगळ्याबद्दल आम्हालाही कृतज्ञता आहे. परंतु तोकुगावांच्या काळात प्रत्येक कुटुंबाची नोंद विहारात होत असे आणि त्याच विहारांनी बहिष्कृतांना मरणोत्तर धम्मनावे देताना ‘पशू’, ‘कातडे’, ‘दास’ अशा अर्थाची चिन्हे त्यांच्या थडग्यांवर कोरली. मेल्यानंतरही जात! ज्या तथागतांनी सफाई करणाऱ्या सुनीताला आणि न्हावी उपालीला संघात घेतले, त्यांच्या नावाने हे झाले. 1979 साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे भरलेल्या जागतिक धर्म परिषदेत सोतो झेन पंथाच्या एका वरिष्ठ धर्मगुरूने जपानात असा भेदभावच नाही असे सांगितले आणि पुढे त्या पंथाला माफी मागावी लागली. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या सुरुवातीलाच भिक्खू कशासाठी असा प्रश्न उभा केला होता, तो उगाच नव्हे.

म्हणून पाचवे साहस विहाराच्या स्मशानात ठेवावे. एक तरुण भिक्खू थडग्यांवरची चिन्हे वाचता वाचता थबकतो. त्याला ती पुसायची आहेत. विहाराचा मुख्य म्हणतो, नोंद बदलता येत नाही. सामुराई त्या मुख्याच्या रक्षणाला नेमलेले. आणि बाहेर मयताची मुलगी उभी आहे. तिला वाचता येत नाही. वडिलांच्या दगडावर काय कोरले आहे, हे तिला कोणीतरी सांगायचे आहे.

1871 साली मेईजी सरकारने फर्मान काढून ही नावे रद्द केली. त्यानंतर 1873 साली मिमासाका भागात शेतकऱ्यांच्या दंगलीत मुक्त झालेल्यांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, अठरा माणसे मारली गेली. कायद्याने समता दिली की समाज सूड घेतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. कुटुंबनोंदणीच्या वह्यांमध्ये ‘नवे सामान्यजन’ असा शेरा मारून जुनी ओळख जिवंत ठेवली गेली. 1975 साली तर बुराकू वस्त्यांचे पत्ते छापलेली यादी गुपचूप विकली जात असल्याचे उघडकीस आले. दोनशेहून अधिक कंपन्यांनी नोकरभरतीसाठी ती घेतली होती. 2016 साली बुराकू भेदभावाविरुद्ध कायदा झाला, पण त्यात शिक्षेची तरतूद नाही. आपल्या 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची अंमलबजावणी कशी होते हे आम्ही रोज न्यायालयात पाहतो, तरीही दात नसलेल्या कायद्यापेक्षा तो बरा, एवढे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो.

यातूनच एक व्यवहाराची सूचना. खेळ चालवणारे खरेपणासाठी जुने नकाशे वापरतात. गुगल अर्थवर जपानचे जुने नकाशे चढवले गेले, त्यात बहिष्कृतांच्या वस्त्या नावानिशी दिसत होत्या आणि मोठा निषेध झाला. कारण तिथे राहणाऱ्यांच्या मुलांची लग्ने आणि नोकऱ्या आजही त्या पत्त्यावर अडतात. तेव्हा नकाशा काल्पनिकच घ्यावा आणि ‘एता’ हा शब्द चेष्टेत तोंडी येऊ देऊ नये. आपल्याला कोणी कसे हाक मारलेले चालत नाही, ते आठवावे.

खेळ लिहिणाऱ्यांवर आम्ही अन्याय करू इच्छित नाही. त्यांनी निदान खालचा माणूस पुस्तकात ठेवला. सामुराईंच्या किती तरी चित्रपटांत तो दिसतही नाही. अकिरा कुरोसावाचा 1954 चा ‘सेव्हन सामुराई’ मात्र मुलांनी खेळाआधी जरूर पाहावा. त्यातला किकुचियो शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला. कुठून तरी मिळवलेली वंशावळ दाखवून तो सामुराई म्हणून मिरवतो आणि त्या कागदाप्रमाणे त्याचे वय तेरा वर्षे निघते! सगळे हसतात. पण शेतकरी असे लबाड आणि भित्रे कोणी केले, असा जाब खऱ्या सामुराईंना विचारणारा तोच एक असतो, आणि तेव्हा त्यांच्यापैकी कोणाला तोंड वर करता येत नाही.

मित्राच्या मुलाला आम्ही शेवटी ओकायामाची केस दिली. तो म्हणाला, काका, यात लढाई कुठे आहे? आम्ही त्याला अर्जातली कलमे एकेक करून सांगितली. पुढच्या रविवारी तो अर्ज लिहिणाऱ्याचे पात्र घेणार आहे, मात्र त्या पात्राच्या कागदावर अब्रूच्या रकान्यात कोणता आकडा घालायचा यावर त्याच्या मित्रांचे अजून एकमत झालेले नाही.