उबेचा हिशेब

बालमित्रांनो,

थंडी आता चांगलीच पडायला लागली आहे, नाही का? अंथरुणातून एक पाय बाहेर काढायचा आणि गारठा लागला की पटकन आत घ्यायचा, हा खेळ सध्या घरोघरी चालू असेल. आमचा नाशिक जिल्हा म्हणजे तर थंडीचं माहेरच. निफाडचा पारा खाली उतरल्याची बातमी दर हिवाळ्यात एकदा तरी येतेच. अशा दिवसांत आमच्याकडचे द्राक्ष बागायतदार पहाटे बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात. कडाक्याच्या थंडीनं द्राक्षमण्यांना तडे जातात ना, म्हणून. म्हणजे बघा, आमच्याकडे द्राक्षांनासुद्धा शेकोटी लागते!

थंडी आली की घरचा खर्चही वाढतो. आंघोळीच्या पाण्याला जास्त इंधन लागतं. चहाचं आधण दिवसातून एकदा तरी जास्त चढतं. मागच्या वर्षीचे स्वेटर आखूड झालेले असतात, कारण तुम्ही वाढता. शिवाय संक्रांतीसाठी तीळ-गूळ आणायचा असतो. पगार मात्र थंडीतही तेवढाच राहतो. म्हणून या आठवड्यात आपण काटकसरीबद्दल बोलू या. लगेच तोंडं वाकडी करू नका हं! काटकसर म्हणजे नुसतं ‘हे नको, ते नको’ नव्हे. त्यात बरीच गंमत आहे आणि थोडं विज्ञानही आहे.

परवा आमचा धाकटा आजीच्या मागे लागला होता, ‘‘आजी, आपण दुकानातली नवी रजई घेऊ या ना! फुलाफुलांची!’’ आमच्या सासूबाई गोधडीला टाके घालत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘ये इकडं, तुला हिच्यातली फुलं दाखवते.’’ मग गोधडीचा एकेक तुकडा दाखवून त्या सांगू लागल्या. हे पांढरं तुझ्या आजोबांचं धोतर. ही हिरवी पट्टी तुझ्या आत्याच्या लुगड्याची. आणि ही खाकी चौकट आहे ना, ती तुझ्या बाबांच्या पाचवीतल्या चड्डीची! झालं. धाकटा हसून हसून लोळला. रात्री त्यानं हट्टानं तीच गोधडी घेतली आणि खाकी चौकट बरोबर पोटावर आली की नाही, ते दोनदा तपासलं.

आता सांगा, या जुन्या कापडांत ऊब येते कुठून? हाच प्रश्न मी वर्गात विचारला. सगळे एका सुरात म्हणाले, ‘‘बाई, गोधडी गरम असते!’’ मग आम्ही एक प्रयोग केला. शेजारच्या घरून बर्फाचे सारख्या आकाराचे दोन तुकडे आणले आणि दोन वाट्यांत ठेवले. एक वाटी उघडी ठेवली आणि दुसरी लोकरीच्या स्वेटरमध्ये नीट गुंडाळली. ‘‘आधी कुठला वितळेल?’’ बहुतेकांनी हात वर करून सांगितलं, ‘‘स्वेटरमधला!’’ अर्ध्या तासानं पाहिलं, तर उघड्या वाटीत बरंचसं पाणी झालेलं होतं आणि स्वेटरमधला बर्फ अजून बराच शिल्लक होता. मुलं चाटच पडली.

गंमत अशी आहे, की गोधडी आणि स्वेटर स्वतः उष्णता तयार करतच नाहीत. कापडाच्या थरांमध्ये आणि लोकरीच्या धाग्यांमध्ये हवा अडकून बसते. अशा कोंडलेल्या हवेतून उष्णता सहजासहजी पलीकडे जात नाही. बर्फाच्या वेळी बाहेरची उष्णता आत शिरत नाही. आपण पांघरतो तेव्हा अंगातली उष्णता बाहेर जात नाही. म्हणूनच एका जाड कपड्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घातले, तर पुष्कळदा जास्त ऊब मिळते. थरांच्या मधली हवा फुकट काम करते! नवा जाड स्वेटर नसेल, तर शर्टाच्या आत एक जुना बनियन वाढवून बघा.

काटकसरीचंही या गोधडीसारखंच आहे. काटकसर पैसे कमावत नाही. घरात आलेले पैसे उगाच बाहेर जाऊ नयेत, एवढंच ती पाहते.

हीच युक्ती स्वयंपाकघरातही चालते. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवायचे. जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात नेहमीएवढं पाणी घालून ते शिजायला ठेवायचे आणि चांगली उकळी आल्यावर चार-पाच मिनिटांनी गॅस बंद करायचा. मग झाकण न काढता भांडं जुन्या चादरीत गुंडाळून खोक्यात ठेवायचं. वरून आणखी एक जुनं पांघरूण दाबून बसवायचं. पाऊण-एक तासात आतल्या आत भात तयार! पूर्वी अशा पेट्यांत गवत किंवा भुसा भरत. तुम्ही करून पाहणार असाल, तर गरम भांडं मोठ्यांनाच उचलू द्या आणि भात गरम असतानाच वाढा. थंडीत दही लागत नाही, अशी तुमच्या आयांची तक्रार असते ना? विरजणाचं भांडं रात्री पिठाच्या डब्यात ठेवा किंवा जुन्या शालीत गुंडाळा. सकाळी चमचा उभा राहील असं दही मिळेल.

हिवाळा काटकसरीला मदतही करतो, बरं का. मटार, गाजर, मेथी, वालाच्या शेंगा यांचा हाच हंगाम, म्हणून त्या ताज्या आणि स्वस्त मिळतात. मटार सोलायला बसलात, तर कोवळी टरफलं फेकू नका. त्यांचा आतला कागदासारखा पापुद्रा सोलून काढला, की उरलेल्या हिरव्या सालीची बटाट्याबरोबर छान भाजी होते. हा पापुद्रा काढण्याची आमच्या घरी शर्यत लागते. लोणी कढवून उरलेल्या बेरीत साखर घातली, की आमच्या दोन्ही मुलांची भांडणं सुरू! रात्रीची बाजरीची भाकरी उरली, तर सकाळी ती कुस्करून कांदा-मिरचीची फोडणी द्यावी. खरं सांगते, ती खाण्यासाठी आमच्याकडे रात्री मुद्दाम एक भाकरी जास्त थापतात. आता याला काटकसर म्हणायचं की उधळपट्टी, ते तुम्हीच ठरवा!

ऊन तर अगदी फुकटच असतं. 21-22 डिसेंबरच्या सुमारास आपल्याकडे दिवस वर्षातला सर्वांत लहान, साधारण 11 तासांचा असतो. सूर्य दक्षिणेकडून जातो. त्यामुळे घराला दक्षिणेची खिडकी असेल, तर या दिवसांत तिच्यातून ऊन बरंच आत येतं. दिवसा ती उघडी ठेवा आणि ऊन उतरायला लागलं की बंद करा. गोधड्या दुपारी उन्हात घाला, म्हणजे त्यांच्यातला दमटपणा जाईल. सुट्टीच्या दिवशी पाण्याची बादली सकाळपासून उन्हात ठेवा. दुपारी आंघोळीला तेवढं इंधन कमी लागेल.

पण मुलांनो, काटकसर कुठं करायची नाही, हेही शिकायला हवं. शेकोटीत प्लॅस्टिक, टायर किंवा रबरी चपला टाकायच्या नाहीत. त्यांचा धूर विषारी असतो. पेटत्या कोळशाची शेगडी घेऊन दारं-खिडक्या बंद करून तर कधीच झोपायचं नाही. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि झोपेतच तो माणसाचा जीव घेऊ शकतो. तसंच ताप आला तर औषधात काटकसर नाही. भुकेत काटकसर नाही. आणि माणुसकीत तर नाहीच नाही.

हे शेवटचं मला एका मुलानं शिकवलं. तो रोज सकाळी नुसत्या शर्टावर शाळेत यायचा. हात काखेत घालून, भिंतीला टेकून बसायचा. मी विचारलं, ‘‘स्वेटर कुठं आहे रे?’’ तो चटकन म्हणाला, ‘‘मला थंडी वाजतच नाही, बाई.’’ त्याचे ओठ मात्र फुटले होते. तो असं का म्हणाला, ते माझ्या ध्यानात आलं. घरची ओढाताण दाराबाहेर जाऊ नये, म्हणून मुलं असं बोलतात. आई-बाबांना कोणी नावं ठेवू नयेत, म्हणून बोलतात. असलेल्या पैशांतून बेतानं खर्च करणं ही झाली काटकसर. पण मुळात नसणं म्हणजे काटकसर नव्हे, आणि त्या मुलाला तिचे धडे देऊन काय उपयोग?

त्याला एकट्याला स्वेटर दिला असता, तर त्यानं घेतला नसता. घेतला असता, तरी मान खाली घालून. म्हणून मी वर्गाला सांगितलं, ‘‘शनिवारी आपण अदलाबदल करायची. प्रत्येकानं आखूड झालेला स्वेटर, टोपी, मफलर किंवा घरातलं एखादं जुनं सुती कापड धुऊन आणायचं. कोणी काय आणलं, ते कोणी विचारायचं नाही. आणि प्रत्येकानं अंगाला बसेल असं काहीतरी घेऊनच घरी जायचं.’’ वरच्या वर्गातल्या मुलांनाही निरोप दिला. आम्ही शिक्षकांनीही घरून काही आणलं आणि ते त्यातच मिसळून टाकलं.

शनिवारी सतरंजीवर मापाप्रमाणे ढीग लागले. काय तो गोंधळ! कोणाच्या बाह्या गुडघ्यापर्यंत, तर कोणाचं डोकंच गळ्यातून बाहेर येईना. आमच्या मुलानं आईच्या जुन्या साडीचा स्वच्छ धुतलेला तुकडा आणला होता. त्यानं एक विटकरी रंगाचा स्वेटर उचलला. बाह्या चांगल्या चार बोटं लांब होत्या. मी म्हटलं, ‘‘अरे, लहान मापाचा बघ की.’’ तो बाह्या दुमडत म्हणाला, ‘‘असू द्या बाई, पुढच्या वर्षीपण होईल.’’ काटकसर त्याला माझ्यापेक्षा चांगली येत होती! कापडाच्या तुकड्यांची आयांनी मिळून गोधडी शिवली. आता ती अंगणवाडीतल्या चिमण्यांना दुपारी पांघरायला होते.

गोधडीवरून गाडगेबाबांची आठवण येते. त्यांचा जन्म 1876 सालचा. अंगावर ठिगळाठिगळांचे कपडे असायचे, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. हातात मातीचं गाडगं आणि झाडू. स्वतःवर ते खर्चच करत नसत. पण लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. 20 डिसेंबर 1956 रोजी, अशाच थंडीच्या दिवसांत, ते गेले. कंजूष माणूसही स्वतःवर खर्च करत नाही, आणि बाबाही करत नसत. मग फरक कुठं आहे? वाचलेलं कोणाच्या कामी आलं, ते पाहा म्हणजे कळेल.

आई-बाबांनाही एक सांगायचंय. ‘परवडत नाही’ हे मुलांना सांगायला लाजू नका. पण ते रागावून सांगू नका. महिन्याच्या यादीपाशी त्यांना घेऊन बसा आणि काय आणायचं, काय थांबवायचं, ते त्यांनाही ठरवू द्या. आमची थोरली अशा यादीवर बसली आणि तिनं स्वतःच्या हातानं एक वस्तू खोडली. कुठली, ते मी सांगणार नाही. तिनं तसं बजावलंय!

आता या आठवड्याचा गृहपाठ. एक, बर्फाचा प्रयोग करून बघा. दोन, घरातल्या गोधडीचे तुकडे कोणाकोणाचे आहेत, ते आजीला विचारून वहीत लिहा. तीन, आपल्याला आखूड झालेला एक उबदार कपडा शोधा, धुवा आणि तो कोणाला बरोबर बसेल, याचा विचार करा. देताना मात्र गाजावाजा नको हं. आजीनं सांगितलेल्या गोष्टी मला पत्रानं कळवा.

तुमच्या बाई