क्रीडामहोत्सव आणि आपला जमाखर्च

राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचा शतकमहोत्सव २०३० साली अहमदाबादेस होणार, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये निश्चित झाले. असे सोहळे आपल्या भागात आले तर व्यापारास बरकत येईल, असे आमचे तरुण बंधू उत्साहाने बोलतात. परंतु या प्रश्नाचा विचार व्यापाऱ्याने वही उघडूनच करावा.

तरुणपणी शरणबसवेश्वराच्या जत्रेतील विक्री पाहून मी कलबुर्गीत एक जादा गोदाम वर्षाच्या कराराने घेतले. जत्रेत तांदूळ व तूरडाळ हातोहात खपली. वडिलांनी मात्र शाबासकी न देता विचारले, "उरलेल्या अकरा महिन्यांचे भाडे कोणत्या खाती लिहू?" उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हे मला त्या दिवशी उमगले.

माँट्रियल शहराने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी जे प्रचंड क्रीडागार बांधले, त्याचे कर्ज फिटावयास २००६ साल उजाडले. उलट लॉस एंजेलिसने १९८४ साली बहुतांशी जुनीच क्रीडांगणे वापरली, प्रक्षेपणाचे हक्क विकले, आणि वीस कोटी डॉलरांहून अधिक शिल्लक टाकली. खेळ तेच, फरक पडला तो भांडवली खर्चाने.

दुसरेही एक तत्त्व आहे. गावच्या माणसाने तिकिटास दिलेला रुपया एरव्ही गावच्याच पेठेत आला असता. तो नवा पैसा नव्हे. नवा पैसा बाहेरच्या पाहुण्याचा. त्यातूनही परगावच्या कंत्राटदाराचा वाटा वजा करावा लागतो.

म्हणून स्पर्धा नकोत, असे मी म्हणत नाही. कलबुर्गीच्या चंद्रशेखर पाटील क्रीडांगणावर २०२३ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा झाली. आहे त्या जागेत, झेपेल तेवढा सोहळा, ही रीत मला मान्य आहे. जत्राही याच रीतीने टिकली : पाले उठतात, कर्ज मागे उरत नाही, आणि पुढल्या वर्षी गिऱ्हाईक पुन्हा येते.

उद्या बीदर अथवा कलबुर्गीत भव्य क्रीडागारासाठी आपणांकडे वर्गणी मागितली गेल्यास देणाऱ्याने दोनच प्रश्न विचारावेत : पाहुणे गेल्यावर येथे रोज कोण खेळेल? आणि देखभालीचा खर्च कोण सोसेल? उत्तर समाधानकारक असेल तर हात आखडू नये. नसेल तर तीच रक्कम आपल्या मुलांच्या शाळेच्या मैदानास द्यावी. ते बाराही महिने उपयोगी पडेल.