आधी स्लाइड तर नीट बनवा!

हल्ली जो उठतो तो 'एआय कॅन्सर ओळखतं' म्हणून सांगत सुटतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये तेच, व्हॉट्सॲपवर तेच. मॉडेलला लाखो फोटो दाखवले, मॉडेल शिकलं, आता पॅथॉलॉजिस्ट काय करणार बिचारे वगैरे वगैरे. आपण आयटीवाले अशा बातम्यांवर जरा जास्तच खूश होतो. पण ज्याने एकदा तरी क्लायंटकडून आलेला डेटा साफ केलाय ना, त्याला विचारा. मॉडेल लिहायला चार दिवस लागतात आणि डेटा सरळ करायला चार महिने. इनपुटमध्ये कचरा असेल तर आउटपुटमध्ये कचराच येणार, हे आपल्याला पहिल्या सेमिस्टरला शिकवलेलं असतं.

पेशींच्या तपासणीतही अगदी हेच आहे. मायक्रोस्कोपखाली बघणारा डोळा माणसाचा असो की कॅमेऱ्याचा, त्याला काचेवर पेशी नीट मांडलेल्या हव्यात. या वीकएंडला म्हणून जरा वेगळा विषय घेते: पेशी काचेवर मांडणारी यंत्रं. आणि माझं मत आधीच सांगून टाकते. ही यंत्रं इंजिनिअरिंग म्हणून अफलातून आहेत, पण आपल्याकडे ती ज्या गोष्टीसाठी विकली जातात ती गोष्ट ती करत नाहीत. आणि जी करतात, तिचं मोल कुणी सांगत नाही.

आधी थोडा इतिहास. (कंटाळू नका, दोन मिनिटं!) ग्रीसमधून अमेरिकेत गेलेले डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ हे गिनीपिगच्या पेशी तपासता तपासता स्त्रियांच्या पेशींकडे वळले. त्यांची बायको, अँड्रोमाखी, वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने त्यांना देत होती. १९२८ मध्ये त्यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी अशा नमुन्यात दिसतात असं मांडलं, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९४३ मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्याबरोबर पुस्तक आलं आणि मग चक्रं फिरली. तीच ही पॅप टेस्ट.

पद्धत साधी आहे. गर्भाशयमुखावरून लाकडी स्पॅच्युलाने किंवा छोट्या ब्रशने पेशी खरवडून घ्यायच्या, काचेवर पसरायच्या, लगेच अल्कोहोलमध्ये बुडवायच्या. खरी मेख आहे ती 'पसरायच्या' आणि 'लगेच' या दोन शब्दांत. हात जड पडला तर पेशींचा ढीग होतो. साबुदाण्याची खिचडी बिघडली की कसा गोळा होतो, तसं. मग एकही दाणा सुटा दिसत नाही. वर रक्त असतं, चिकट स्राव असतो, पांढऱ्या पेशी असतात, त्यात बघायची ती पेशी झाकली जाते. अल्कोहोलमध्ये बुडवायला अर्धा मिनिट उशीर झाला तर पेशी वाळतात, फुगतात, त्यांचं केंद्रक धूसर दिसतं. शिवाय स्पॅच्युलावर आलेल्या पेशींपैकी बऱ्याचशा स्पॅच्युलाबरोबर कचऱ्याच्या डब्यात जातात. काचेवर आल्या त्या सगळ्या प्रकारच्या पेशींचं प्रतिनिधित्व करतात की नाही, हे नशीब. सँपलिंग एरर, दुसरं काय!

जिथे नमुना पातळ पाणी असतो, तिथे अडचण उलटी. पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी घ्या. ल्युकेमियाच्या रोग्यात रोग मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलाय का, हे त्यात बघतात. पेशी मोजक्या आणि पाणी भरपूर. थेंब काचेवर टाकला तर एखादी पेशी सापडणार, किंवा तीही नाही. १९६० च्या दशकात यावर सायटोसेंट्रिफ्यूज आलं. लॅबमध्ये त्याला सर्रास 'सायटोस्पिन' म्हणतात, ते खरं तर एका ब्रँडचं नाव. एक छोटं नरसाळं, त्याला लागून मधे भोक असलेला टीपकागद, आणि त्याला टेकलेली काचपट्टी. हे सगळं क्लिपने घट्ट धरायचं आणि गरागरा फिरवायचं. पाणी कागद शोषून घेतो, पेशी भोकातून काचेवर जाऊन बसतात, काही मिलिमीटरच्या गोल ठिपक्यात. एवढंच! टीपकागद आणि गरगर. इतकं साधं डिझाइन बघितलं की मला आपल्या कोडची लाज वाटते :)

पॅप टेस्टसाठी लागलेली यंत्रं नव्वदच्या दशकात आली. १९९६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने 'थिनप्रेप'ला मान्यता दिली, १९९९ मध्ये आज 'शुअरपाथ' म्हणून ओळखली जाणारी पद्धत आली. दोन्हींत काचेवर पसरवणं डॉक्टरच्या हातातून काढून घेतलं. ब्रश थेट औषधी द्रवाच्या बाटलीत, बाटली लॅबला, आणि काच लॅबमधलं यंत्र बनवणार.

थिनप्रेपमध्ये एक नळी त्या बाटलीत उतरते, तिच्या तोंडाशी बारीक छिद्रांचा पडदा असतो. आधी नळी फिरते, म्हणजे चिकट स्राव सुटतो आणि पेशी मोकळ्या होतात. मग हलक्या व्हॅक्यूमने द्रव आत ओढला जातो. रक्ताचा कचरा छिद्रांतून निघून जातो, हव्या त्या पेशी पडद्यावर अडकतात. आता बघा गंमत: यंत्र द्रव किती सहज वाहतोय हे सतत मोजत राहतं. पेशींनी छिद्रं झाकली की प्रवाह मंदावतो, म्हणजे पुरेशा पेशी जमल्या, थांब! मग पडदा काचेवर ठसा मारल्यासारखा टेकवायचा. दोन सेंटिमीटरच्या वर्तुळात जवळपास एकच थर. म्हणजे चक्क फीडबॅक लूप. शुअरपाथचं तंत्र वेगळं. त्यात ब्रशचं डोकंच बाटलीत सोडतात, म्हणजे काही फुकट जात नाही. मग जास्त घनतेच्या द्रवावरून सेंट्रिफ्यूज केलं की हलका कचरा वर राहतो, कामाच्या पेशी खाली बसतात.

पेशी सुट्या झाल्यामुळे पुरेसा नमुना कशाला म्हणायचं तो आकडाही खाली आला. बेथेस्डा पद्धतीत हाताने पसरलेल्या काचेवर किमान ८,००० ते १२,००० पेशी हव्यात, द्रवपद्धतीत ५,००० चालतात.

आता मुद्द्याचं. याने कॅन्सर जास्त सापडतात का?

इथेच जाहिरात आणि पुरावा वेगळे होतात. नेदरलँड्समध्ये सुमारे ९० हजार स्त्रियांवर मोठी चाचणी झाली, ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. निष्कर्ष? गंभीर बदल पकडण्यात द्रवपद्धत जुन्या पॅपपेक्षा सरस ठरली नाही. बरोबरीची ठरली. फरक पडला तो 'नमुना असमाधानकारक, पुन्हा या' अशा शेऱ्यांमध्ये. ते एक टक्क्याच्या आसपास होते, ते साधारण एक तृतीयांशावर आले. इंग्लंडमध्ये तर प्रायोगिक केंद्रांवर हे प्रमाण नऊ टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या आत आलं. म्हणूनच तिथे २००३ मध्ये ही पद्धत घ्यायचं ठरलं आणि २००८ पर्यंत देशभर लागू झाली.

म्हणजे यंत्र जास्त 'बघत' नाही, यंत्र हेलपाटे वाचवतं. आणि माझ्या मते तेच त्याचं खरं मोल आहे. 'असमाधानकारक' हा शब्द रिपोर्टवर फार निरुपद्रवी दिसतो हो. पण शेतातली मजुरी बुडवून, एसटीने तालुक्याला येऊन, आयुष्यात पहिल्यांदा त्या टेबलावर झोपलेल्या बाईला 'पुन्हा या' म्हणा. ती येईल? आपल्या भाषेत, तिथे रिट्राय नसतोच. पहिलीच रिक्वेस्ट फेल झाली की कनेक्शन कायमचं तुटलं.

मग सगळीकडे ही यंत्रं बसवूया का? इथे आपल्याच मातीतला पुरावा बघायला हवा. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर एक प्रचंड अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया, चार गट. एका गटाची एकदाच एचपीव्ही विषाणूची चाचणी, एकाची पॅप, एकाची व्हिनेगरसारखं ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि एक गट नेहमीच्या व्यवस्थेवर. आठ वर्षांनी, साधारण सारख्याच आकाराच्या या गटांत, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू असे: एचपीव्ही गटात ३४, पॅप गटात ५४, व्हिनेगर गटात ५६, चौथ्या गटात ६४. हे २००९ मध्ये जगासमोर आलं. स्पष्ट फरक फक्त एचपीव्ही चाचणीने पडला.

आणि तेच व्हिनेगर मुंबईच्या वस्त्यांमध्ये, दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक आरोग्यसेविकांकडून वापरलं, तेव्हा बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. चाचणी तीच, पण बाई परत परत येत राहिली. सगळी गंमत त्या 'परत येण्यात' आहे.

म्हणून कुठलंही यंत्र घेताना मी एकच प्रश्न विचारेन: हे नेमकी कुठली चूक काढतं? चुका तीन ठिकाणी होतात. नमुना घेताना, मांडताना आणि बघताना. पेशी मांडणारं यंत्र मधली चूक काढतं, झकास काढतं. एआय तिसरी काढेल, कदाचित. पण आपल्याकडे सगळ्यात मोठी गळती पहिल्या पायरीच्याही आधी आहे: नमुना घेतलाच जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या. १०० पैकी दोनसुद्धा नाहीत! आणि २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात या कॅन्सरने वर्षाला जवळपास ८० हजार स्त्रिया जातात. ९८ टक्के युजर लॉगिनच करत नाहीयेत आणि आपण डॅशबोर्डचा रंग ठरवतोय.

याचा अर्थ यंत्र नको असा नाही. सायटोस्पिन तर हवंच, त्या पाठीच्या पाण्यात दुसरा नमुना सहज मागता येत नाही. आणि द्रवपद्धतीचा एक फायदा नंतर ध्यानात आला: बाटलीत उरलेल्या द्रवातून एचपीव्ही चाचणीही करता येते. इंग्लंडने २०१९ मध्ये क्रमच उलटा केला. आधी विषाणू बघायचा, तो सापडला तरच त्याच बाटलीतून काच बनवायची. जागतिक आरोग्य संघटनाही २०२१ पासून पहिली चाचणी म्हणून एचपीव्हीचीच शिफारस करते, आणि त्याचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो. म्हणजे काच सगळ्यांसाठी नको, मोजक्यांसाठी हवी, पण ती मोजकी काच उत्तम हवी. हे डिझाइन मला पटतं. खेड्यात सोपी चाचणी पोचवा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एक चांगली लॅब ठेवा.

राहिला प्रश्न आपला, शहरी पगारदार मंडळींचा. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये 'ॲडव्हान्स्ड लिक्विड पॅप' असा जादा पैशांचा पर्याय दिसला तर तो नुसता ॲडव्हान्स्ड शब्दासाठी घेऊ नका. त्याच बाटलीतून एचपीव्ही होणार का, तेवढं विचारा. होत असेल तर पैसे वसूल. होत नसेल तर साधी पॅपही वाईट नाही, करून घेतली तर! आणि मुलांनो, 'हा बायकांचा विषय' म्हणून टॅब बंद करू नका. घरी आई असेल, मावशी असेल. तिशी ओलांडलेल्या आपल्या घरातल्या किती बायकांची ही तपासणी झालीय, एकदा विचारून बघा. घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनाही विचारा, त्यांना सोबत लागली तर जा.

असो. सोमवार जवळ आलाय, बिल्ड अजून लाल आहे. पुढच्या वीकएंडला भेटू.